एअर इनटेक बदलण्यापूर्वी मंजुरीचा कागद पाहा

मोटार दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री यांवर आपल्याकडे अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर ज्यांचा हात बसला, त्यांना आता संगणकाने चालणाऱ्या इंजिनाशी गाठ आहे. पूर्वी चुकीचा भाग बसला तर गाडी लगेच बोलत असे. धूर निघे, इंजिन अडखळे, आवाज बदले. आज गाडी व्यवस्थित चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि काही महिन्यांनी तीच गाडी प्रदूषण तपासणीत नापास होते. तेव्हा गिऱ्हाईकाचा पैसाही जातो आणि मेकॅनिकचे नावही.

अशा भागांमध्ये एअर इनटेकचा क्रमांक वरचा आहे. कंपनीची काळी प्लास्टिकची पेटी काढून तिच्या जागी चकचकीत पाइप व शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवण्याची तरुणांना हौस असते. पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, आवाज भारदस्त होईल, असे त्यांना सांगितलेले असते. प्रदूषण तपासणीत अडकणार नाही असा इनटेक कसा निवडावा, हे आम्ही या धड्यात क्रमाने पाहणार आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे की, फिल्टर किती मोठा व पाइप किती गुळगुळीत हे नंतर पाहावे. हा भाग नेमक्या याच गाडीवर तपासून मंजूर झाला आहे काय आणि तसा पुरावा हाती आहे काय, हे आधी पाहावे.

इनटेकमध्ये काय काय येते

पुष्कळांना इनटेक म्हणजे नुसता फिल्टर वाटतो. प्रत्यक्षात बाहेरची हवा आत घेणारे तोंड, फिल्टरची पेटी, फिल्टर, तेथून थ्रॉटलपर्यंत जाणारा होस पाइप आणि या वाटेवर बसवलेले सेन्सर, असा तो सगळा संच असतो. काही गाड्यांत हवेचे वजन मोजणारा सेन्सर याच पाइपात असतो. काहींत तो नसतो. तेथे मॅनिफोल्डमधील दाब मोजून संगणक हवेचा अंदाज बांधतो. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत असतोच.

याशिवाय इंजिनाच्या आतील वाफा पुन्हा जाळण्यासाठी आणणारा ब्रीदर पाइप पुष्कळ गाड्यांत याच होसला जोडलेला असतो. पिस्टनच्या रिंगांमधून जे वायू खाली ओघळतात, त्यांत न जळलेले पेट्रोल असते. ते हवेत सोडायचे नाही, इनटेकमधून पुन्हा इंजिनात घालायचे, अशी ही योजना आहे. नवा पाइप बसवताना या ब्रीदरला जागाच नसली की काहीजण त्याच्या तोंडाशी छोटा फिल्टर लावून तो उघडा सोडतात. गाडीच्या चालण्यात फरक पडत नाही. पण प्रदूषण रोखणारी एक यंत्रणा तेथेच निकामी होते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या फिल्टर पेटीत आणखी एक वस्तू दडलेली असते. ती म्हणजे कोळशाचा थर असलेली जाळी किंवा पट्टी. इंजिन बंद झाल्यावर इनटेकच्या वाटेने मागे येणारी पेट्रोलची वाफ ती धरून ठेवते. पेटी फेकून दिली की ही जाळीही गेली.

हवेचा हिशेब

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण थोडे कमी असते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम धरले तर त्याला जवळजवळ ११ किलो हवा लागते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिन नऊ हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. या हवेचे माप चुकले तर पेट्रोलचे माप चुकते.

हवा मोजणारा सेन्सर सर्व हवा मोजत नाही. पाइपातून जाणाऱ्या प्रवाहाचा लहानसा नमुना तो घेतो आणि पाइपाचा व्यास ठाऊक असल्यामुळे संगणक त्यावरून एकूण हवा काढतो. आता कंपनीचा पाइप सेन्सरच्या जागी ७० मिलिमीटर आतील व्यासाचा आहे आणि आपण ७६ मिलिमीटरचा बसवला असे समजू. फरक अवघा सहा मिलिमीटरचा. परंतु तोंडाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. ७० चा वर्ग ४,९०० आणि ७६ चा वर्ग ५,७७६. तेवढीच हवा रुंद पाइपातून जाताना तिचा वेग सुमारे १५ टक्के कमी होतो. संगणकाला वाटते की हवाच १५ टक्के कमी आली; म्हणून तो पेट्रोलही तेवढे कमी सोडतो. १४.७ चे प्रमाण १७ च्या पुढे जाते. यालाच मिश्रण लीन होणे म्हणतात.

सायलेन्सरच्या पाइपातील ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि संगणक पेट्रोल वाढवून भरपाई करतो. म्हणून गाडी ठीक चालल्यासारखी वाटते. परंतु या भरपाईला मर्यादा आहे. इंजेक्टर थोडा चोंदला किंवा होसला कोठे चीर पडली की ती मर्यादा ओलांडली जाते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पी ०१७१ हा कोड मिश्रण लीन असल्याचे सांगतो, पी ०१७२ रिच असल्याचे आणि पी ०१०१ हवेच्या सेन्सरचे माप जुळत नसल्याचे. शिवाय पूर्ण पिकअप घेताना बहुतेक गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरवरून होणारी भरपाई थांबते आणि नेमक्या त्या वेळी चुकीचे माप उघडे पडते.

प्रदूषणाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींना आवर घालतो. पण मिश्रण अचूक प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच. मिश्रण लीन झाले की नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात. फारच लीन झाले तर इंजिन मिसफायर करून हायड्रोकार्बन वाढतात. रिच झाले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही वाढतात.

मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत पाइपाच्या व्यासाने असा घोटाळा होत नाही. पण तेथेही तापमानाचा सेन्सर चुकीच्या जागी बसला किंवा इंजिनाच्या उष्णतेत राहिला तर हिशेब बिघडतोच. आधुनिक डिझेल गाडीत हवेच्या सेन्सरवरून धुराची मर्यादा आणि धूर परत फिरवणाऱ्या ईजीआर व्हाल्वचे काम ठरते. माप कमी आले तर गाडीचे बळ जाते, जास्त आले तर धूर वाढतो.

कॅलिफोर्नियाची पद्धत

बाहेरच्या इनटेकबाबत सर्वांत बारीक नियम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहेत. बाजारातील इनटेकच्या खोक्यांवर त्याच राज्याचे नाव वारंवार दिसते, म्हणून ती पद्धत समजून घेणे आवश्यक आहे.

लॉस एंजेलिस शहर १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणाऱ्या धुरकटाने त्रस्त झाले होते. हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून हा धुरकट तयार होतो, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. १९६७ मध्ये राज्याने एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन केले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'कार्ब' म्हणतात. १९८४ पासून तेथे गाड्यांची नियतकालिक 'स्मॉग चेक' तपासणी चालू आहे. तपासणीस पात्र असलेल्या बहुतेक गाड्यांना ती दर दोन वर्षांनी करावी लागते.

या तपासणीत धुराशिवाय इतरही गोष्टी पाहतात. पहिली तपासणी डोळ्यांची. बोनेट उघडून प्रदूषण रोखणारे सर्व भाग जागेवर आहेत काय आणि बाहेरचा भाग असल्यास तो मंजूर आहे काय, हे पाहतात. दुसरी संगणकाची. मार्च २०१५ पासून २००० व त्यानंतरच्या मॉडेलच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची तपासणी गाडीच्या संगणकाला जोडून होते. तिसरी सायलेन्सरच्या टोकाशी धुराची. ती आता मुख्यतः १९९९ व त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे.

धूर स्वच्छ आला तरी मंजुरी नसलेला इनटेक लावलेली गाडी पहिल्याच पायरीवर नापास होते. हे अन्यायाचे वाटेल, पण त्यामागे कारण आहे. ब्रीदरच्या आणि टाकीच्या वाफा सायलेन्सरमधून जातच नाहीत. त्या तेथे मोजल्या जाणार कशा? शिवाय तपासणी काही मिनिटांची असते. चढावर, उन्हात, थंड इंजिनावर गाडी काय सोडते ते त्या मिनिटांत दिसत नाही.

म्हणून कार्बने एक मार्ग ठेवला. इनटेक बनवणाऱ्याने आपला भाग तपासणीस द्यावा. गाडीचे प्रदूषण त्याने वाढत नाही असे सिद्ध झाल्यास बोर्ड 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' काढते. तिला थोडक्यात ईओ म्हणतात आणि इनटेकसारख्या भागांच्या ईओचा क्रमांक सहसा 'डी' अक्षराने सुरू होतो. तो क्रमांक छापलेले लेबल भागासोबत येते आणि बोनेटखाली सहज दिसेल असे लावावे लागते. राज्याच्या वाहन कायद्याचे कलम २७१५६ अशा मंजुरीवाचून प्रदूषण यंत्रणेत फेरफार करणारा भाग बसवण्यासच नव्हे, तर विकण्यास आणि त्याची जाहिरात करण्यासही मनाई करते. म्हणजे दुकानदारही सुटत नाही.

आपल्याकडील सीएनजी किटशी हे पुष्कळसे मिळते. बाहेरून बसवायच्या सीएनजी किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून चाचणी होऊन मंजुरी मिळते. ती किटच्या नावाला सरसकट मिळत नाही, कोणत्या गाडीवर बसवायचे हे तिच्यात लिहिलेले असते. ईओचेही तसेच आहे.

खरेदीपूर्वीचे सात प्रश्न

पहिला प्रश्न: पूर्ण संच हवा आहे की नुसता फिल्टर? कंपनीच्याच पेटीत कंपनीच्याच फिल्टरच्या मापाने बसणारा धुऊन वापरायचा फिल्टर हा बदली भाग समजला जातो. त्याने पेटी, होस, सेन्सर, ब्रीदर यांपैकी काहीच हलत नाही. कॅलिफोर्नियातही अशा फिल्टरला ईओ लागत नाही. तपासणीची काळजी असलेल्या माणसाला आम्ही हाच पर्याय सुचवतो.

दुसरा प्रश्न: पूर्ण संच घ्यायचा असल्यास ईओचा क्रमांक कोणता? 'कॅलिफोर्निया स्टाइल', 'इको', 'पन्नास राज्यांत चालतो' असे शब्द खोक्यावर असले तरी क्रमांक विचारावा आणि तो कार्बच्या यादीत स्वतः तपासावा.

तिसरा प्रश्न: त्या आदेशात आपल्या गाडीचे वर्ष, कंपनी, मॉडेल आणि इंजिन आहे काय? एकाच नावाच्या गाडीत १.८ आणि २.० लिटरची दोन इंजिने असू शकतात. एकाला मंजुरी असून दुसऱ्याला नसते. एका वर्षापर्यंत मंजुरी असून पुढच्या वर्षी कंपनीने सेन्सर बदलला म्हणून ती लागू होत नाही, असेही घडते.

चौथा प्रश्न: 'फक्त शर्यतीसाठी', 'सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये' असे कोठे बारीक अक्षरांत छापले आहे काय? असल्यास विषय संपला. बनवणाऱ्याने आपली जबाबदारी झटकली आहे.

पाचवा प्रश्न: सेन्सरची जागा आणि त्या जागचा आतील व्यास कंपनीच्या भागाशी जुळतो काय? व्हर्नियरने मोजावे. ब्रीदर, टाकीच्या वाफेचा पाइप आणि तापमानाचा सेन्सर यांना जोडण्या आहेत काय, हेही तेव्हाच पाहावे.

सहावा प्रश्न: फिल्टर तेलाचा आहे की कोरडा? सुती जाळीच्या फिल्टरला तेल लावतात. धुतल्यानंतर हात सैल सोडून तेल ओतले तर ते उडून हवेच्या सेन्सरच्या तप्त तारेवर बसते आणि माप चुकू लागते. ज्या गाडीत असा सेन्सर आहे तेथे कोरडा फिल्टर अधिक निर्धास्त.

सातवा प्रश्न: हवा कोठून घेतली जाते? बोनेटखाली उघडा फिल्टर ठेवला तर तो इंजिनाची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, तेव्हा बळ वाढण्याऐवजी घटते. पाइप खाली चाकाजवळ नेला तर हवा थंड मिळते, पण पाण्याचा धोका येतो. त्याविषयी पुढे सांगू.

अ‍ॅव्हरेज वाढते म्हणून कोणी इनटेक घेत असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांगावी. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवूनही अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. पिकअप मात्र मंदावले. चोंदलेल्या फिल्टरने जे फारसे घटत नाही, ते चकचकीत फिल्टरने किती वाढणार?

बसवल्यानंतरची काळजी

मंजूर संचही तो जसा तपासला गेला तसाच बसवावा लागतो. त्यातील पाइप कापून आपला जोडला, किंवा लेबल काढून दुसऱ्याच भागावर चिकटवले, तर मंजुरीचा उपयोग नाही. लेबल हरवल्यास बनवणाऱ्याकडून दुसरे मागवावे.

बसवल्यावर इंजिन गरम होऊ द्यावे आणि स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचा आकडा पाहावा. संगणक किती भरपाई करत आहे ते हा आकडा सांगतो. इनटेक बदलण्यापूर्वीचा आकडा कागदावर टिपून ठेवलेला असेल तर तुलना सोपी जाते. पूर्वी दोन-तीन टक्के असलेला आकडा पंधराच्या पुढे गेला तर दिवा लागलेला नसला तरी माप चुकले आहे असे समजावे. सर्व क्लॅम्प घट्ट आहेत काय, सेन्सरच्या पुढे कोठून बिनमोजलेली हवा आत येत नाही ना, हे पाहावे. सेन्सरची तार कापडाने किंवा ब्रशने पुसू नये. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो.

तपासणीच्या सकाळी कोड पुसून गाडी नेण्याची युक्ती कॅलिफोर्नियात चालत नाही. कोड पुसले की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात, आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय गाडी पास होत नाही. जुलै २०१९ पासून तेथे २०१० व नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनरने पुसता न येणारे कायमचे कोडही पाहतात. कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या माणसांनी जुनी गाडी घेताना आणखी एक ध्यानात ठेवावे. तेथे थोड्या अपवादांखेरीज स्मॉग चेकचे वैध प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. प्रमाणपत्र मागावेच, शिवाय बोनेट उघडून बाहेरचा इनटेक दिसल्यास ईओचे लेबलही मागावे. नाहीतर पुढच्या तपासणीला कंपनीची पेटी शोधण्याचा खर्च आपल्या गळ्यात पडतो.

आपल्याकडची स्थिती

भारतात इनटेकसाठी ईओसारखी क्रमांकाची पद्धत नाही. त्यामुळे येथे कार्बचा क्रमांक असलेला संच बसवला तरी तो आरटीओसमोर परवानगी ठरत नाही. त्या इनटेकची कोठेतरी गंभीर चाचणी झाली आहे, एवढेच त्यावरून कळते. तेही त्याच इंजिनाची गाडी येथे असेल तर.

आपली पीयूसी तपासणी सायलेन्सरच्या टोकाशी होते. बीएस-४ व त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना ती ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. बीएस-४ पासून इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर ठेवूनही तपासतात. तेथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत लागतो आणि लॅम्डा, म्हणजे हवा व पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, साधारणपणे ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. या शेवटच्या आकड्यावर चुकीच्या इनटेकची गाडी अडकू शकते. पण ऑक्सिजन सेन्सर भरपाई करत असेल तोवर ती पासही होईल.

म्हणून पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे बदल कायदेशीर ठरला, असे समजू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. फेरफार म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल की ज्याने तिचे मूळ स्वरूप बदलते, अशी व्याख्या कायद्यात आहे आणि इनटेकचे नाव तेथे नाही. पण याचा अर्थ गिऱ्हाईकाच्या बाजूने सांगणारा कागदही हाती नाही, असाच होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. उघड्या फिल्टरचा आवाज मोठा असतो, हेही येथे आठवावे.

आणि पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात सापडल्या. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले की पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी हवेचे तोंड उंच ठेवते ते यासाठीच. चाकाजवळ फिल्टर नेणारा संच कोकणात किंवा मुंबईत बसवणे म्हणजे गुडघाभर पाण्यात इंजिन पणाला लावणे होय. अशा नुकसानीसाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल तर साध्या विम्यातून भरपाई सहसा मिळत नाही.

या सर्वांचा विचार करता महाराष्ट्रात रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीच्या पेटीत बसणारा चांगल्या दर्जाचा फिल्टर हाच योग्य पर्याय, असे आमचे मत आहे. हौस असेल तर ती फिल्टरच्या दर्जावर भागवावी, पेटी काढून टाकण्यावर नको.

दुकानदार आणि मेकॅनिकसाठी

गिऱ्हाईकाला भाग देताना त्याला माहीत नसलेले आपण सांगणे हा धंद्यातील सचोटीचा भाग आहे. 'काही होत नाही, सगळे लावतात' हे उत्तर देऊ नये. बिलावर भागाचा क्रमांक आणि गाडीचे मॉडेल, वर्ष, इंजिन लिहावे. इनटेक शर्यतीसाठीचा असेल तर तसे बिलावरच स्पष्ट लिहावे. आणि गाडी रस्त्यावर चालणारी आहे हे ठाऊक असताना तो बसवूच नये. कंपनीची पेटी, होस आणि क्लॅम्प भंगारात न टाकता गिऱ्हाईकाच्या हवाली करावेत. गाडी विकताना किंवा तपासणीत अडकल्यावर त्यांचे मोल कळते.

एखाद्या वेळी खरे सांगितल्यामुळे विक्री हातची जाते. एका इनटेकवरचा नफा गेला, एवढेच त्यात नुकसान आहे. पण नापास झालेल्या गाडीचा मालक चार ठिकाणी दुकानाचे नाव घेतो, आणि ज्याला वेळीच सावध केले तोही घेतो. दोघे कोणत्या शब्दांत घेतात, यावर पुढच्या वर्षाचा धंदा ठरतो.